सुईच्या आधी आलेले शिपाई

प्लेगच्या सालांची आठवण निघाली की जुनी माणसे एका छोट्या वाक्यापासून सुरुवात करीत : घरात उंदीर पडला. पडला म्हणजे मेला. आढ्यावरून, माळ्यावरून, कणगीच्या मागून तो गरगरत यायचा आणि सगळ्यांच्या देखत पडायचा. मग कुणी कुणाच्या हुकमाची वाट पाहत नसे. चूल विझवायची, दाराला कुलूप घालायचे, पोरेबाळे, गुरे आणि चार भांडी घेऊन गावाबाहेर माळावर झोपड्या घालायच्या. साथ ओसरेपर्यंत गावात पाय टाकायचा नाही.

ही वहिवाट अनुभवातून आलेली होती आणि ती बरोबर होती. प्लेग आधी उंदराला होतो. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा माणसाकडे वळतात. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ याने कराचीत १८९८ साली हे सांगितले तेव्हा त्याच्यावर फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. मुंबईत प्रयोग होऊन ते पुरते सिद्ध व्हायला १९०५ नंतरची वर्षे उजाडली. म्हणजे १८९६-९७ मध्ये मुंबई-पुण्यात दारे फोडून माणसे बाहेर काढली जात होती, तेव्हा काढणाऱ्यांना मुळात रोग कशाने पसरतो हेच ठाऊक नव्हते. ते माणसे उचलून नेत होते. उंदीर घरातच राहत होते.

प्लेगची लस आणि तिच्याकडे लोकांनी फिरवलेली पाठ यांची गोष्ट सांगायची तर इथूनच सुरू करावी लागते. ती अनेकदा अडाणी जनता आणि शहाणे विज्ञान अशी सांगितली जाते. मला ती तशी दिसत नाही.

मुंबईत मांडवीच्या भागात, धान्याच्या वखारींच्या गर्दीत, १८९६ च्या पावसाळ्याअखेर माणसे विचित्र तापाने मरू लागली. काखेत किंवा जांघेत गाठ, भ्रम, आणि तीन-चार दिवसांत शेवट. २३ सप्टेंबरला डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग आहे असे निदान केले. व्हिएगस मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे, मुंबई महापालिकेचे सभासद. त्यांचा पुतळा आजही धोबी तलावाच्या चौकात उभा आहे. शहरातल्या प्रतिष्ठितांना हे निदान मुळीच आवडले नाही, कारण प्लेग म्हटले की बंदरात जहाजे येणार नाहीत. पण निदान खरे होते.

महिनाही उलटला नव्हता तोच महापालिकेचे आयुक्त स्नो यांनी ६ ऑक्टोबरला फर्मान काढले : संशयित रोग्याला घरच्यांची इच्छा असो वा नसो, इस्पितळात न्यायचे. इस्पितळ म्हणजे आर्थर रोडचे. तिथे गेलेला माणूस बहुधा परत येत नसे. यात इस्पितळाचा दोष थोडाच होता. प्लेगवर औषधच नव्हते आणि रोगी पोचायचा तोही अखेरच्या घटकेला. पण गिरणीच्या चाळीतून पाहणाऱ्याला एवढेच दिसे की गाडी येते, माणसाला नेते आणि नंतर निरोप येतो. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले, आत शिरून नासधूस केली. दुसऱ्याच दिवशी आयुक्तांनी फर्मान सौम्य केले. त्यांना खरी धास्ती वेगळीच होती. शहराची घाण वाहणारे हलालखोर घाबरून पळाले तर मुंबई आठवड्याभरात राहण्याजोगी उरणार नव्हती.

माणसे मात्र पळू लागली होतीच. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत निम्म्याच्या आसपास मुंबई रिकामी झाली. कोकणात, देशावर, गुजरातेत, जिथे ज्याचे गाव तिथे तो गेला आणि काहींच्या गाठोड्यांतून प्लेगही गेला.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी कलकत्त्यात साथीच्या रोगांचा कायदा मंजूर झाला. विधेयक मांडल्यापासून मंजुरीपर्यंत जेमतेम आठवडा गेला. कायदा दीड-दोन पानांचा होता. सरकारला आवश्यक वाटतील ते उपाय करता येतील, आणि सद्हेतूने केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही, हा त्याचा गाभा. सव्वाशे वर्षांनंतर, २०२० च्या मार्चमध्ये, आपल्याकडे हाच कायदा पुन्हा बाहेर काढला गेला. त्यातले दुसरे कलम मला नेहमी थबकवते. पहिले सरकारला हात देते, दुसरे त्या हातांचा जाब विचारण्याची वाट बंद करते. पुण्यात पुढे जे घडले ते या दोन कलमांच्या फटीत घडले.

पुण्याची हकिकत मराठी वाचकाला नव्याने सांगण्याची गरज नाही. साताऱ्याचे असिस्टंट कलेक्टर वॉल्टर चार्ल्स रँड प्लेग कमिटीचे प्रमुख म्हणून फेब्रुवारीत आले. १३ मार्चपासून पेठापेठांतून घरझडत्या सुरू झाल्या आणि त्या कामाला गोरे सैनिक लावले. बुटांसकट स्वयंपाकघरात, बुटांसकट देवघरात. अंथरूणपांघरूण रस्त्यावर आणून जाळायचे. बायकांना अंगणात, कधी रस्त्यात उभे करून काखा-जांघा तपासायच्या. घरातला एक आजारी निघाला की तो इस्पितळात आणि बाकीचे कुटुंब स्वारगेटच्या बाजूला उभारलेल्या छावणीत. मे महिन्यात झडत्या थांबल्या. सैनिकांच्या वागणुकीविषयी विश्वासार्ह तक्रार आली नाही, असे रँड यांनी आपल्या अहवालात लिहिले.

तक्रारी येत होत्या, पण त्या विश्वासार्ह ठरवायच्या कुणी? गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनसमोर साक्ष द्यायला इंग्लंडात होते. पुण्याहून त्यांना पत्रे गेली, त्यांत सैनिकांनी दोन स्त्रियांची अब्रू घेतल्याचे लिहिले होते. गोखल्यांनी ते विलायतेच्या वर्तमानपत्रांना सांगितले. सरकारने पुरावा मागितला. पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कुणी नाव पुढे करायला तयार नव्हते, आणि त्या काळच्या पुण्यात कोणते कुटुंब तयार झाले असते? मुंबईत उतरल्यावर ऑगस्टमध्ये गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. एका सचोटीच्या माणसाला आयुष्यभर सलत राहिलेली ती माफी सरकारच्या लेखी प्रकरणाचा निकाल ठरली. लोकांच्या मनात निकाल उलटाच लागला : इथे दाद मागणाऱ्यालाच वाकायला लावतात.

तोवर २२ जूनची रात्र होऊन गेली होती. राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव, गणेशखिंडीतल्या सरकारी बंगल्यावरचे दिवे, परतणाऱ्या गाड्या. दामोदर चापेकरांनी रँडवर आणि बाळकृष्ण चापेकरांनी लेफ्टनंट आयर्स्टवर गोळी झाडली. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. नातू बंधूंना खटल्याशिवाय स्थानबद्ध केले, टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली. तिघे चापेकर बंधू आणि त्यांचे साथीदार महादेव रानडे पुढच्या दोन वर्षांत फासावर गेले.

आपली आठवण या रात्रीपाशी येऊन थांबते. गोळीचा आवाज मोठा होता म्हणून त्याच साली मुंबईत घडलेली दुसरी गोष्ट तिच्याखाली दबून गेली.

त्या दुसऱ्या गोष्टीकडे वळण्यापूर्वी पुण्यातलीच आणखी एक हकिकत सांगायला हवी. त्याच मार्चमध्ये सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत हडपसरच्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवत होते. मुंढव्याच्या महारवाड्यात गायकवाडांचा मुलगा आजारी असल्याचे कळले तेव्हा सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यापर्यंत चालत आणले. मुलगा वाचला. त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. पुण्यात घरझडत्या सुरू व्हायला तीन दिवस होते. घरातून दवाखान्याकडे हाच प्रवास, हेच अंतर. टिळकांनी उभारलेल्या हिंदू प्लेग इस्पितळातही लोक आपल्या पायांनी गेले, मुंबईत जातीजातींनी आपापली इस्पितळे काढली तिथेही गेले. नकार होता तो नेणाऱ्या हाताला.

आता मुंबई. भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि तिच्या बाहेरची ओसरी. एक कारकून, तीन शिपाई. एवढ्या भांडवलावर वाल्देमार मोर्देकाई हाफकिन नावाचा ३६ वर्षांचा माणूस ऑक्टोबर १८९६ पासून रात्रंदिवस काम करीत होता. ओडेसाला एका ज्यू कुटुंबात जन्म, पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम. कॉलऱ्याची लस त्याने १८९२ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग ती घेऊन तो हिंदुस्थानात आला होता.

सरकारी डॉक्टरांच्या नजरेत हा माणूस सर्वच बाजूंनी संशयास्पद होता. तो रशियन प्रजाजन होता आणि रशियाचा हेर असावा अशी कुजबुज होती. ज्यू होता. आणि डॉक्टर तर नव्हताच, प्राणिशास्त्रज्ञ होता. इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या लष्करी शिस्तीत त्याला जागाच नव्हती. सरकारवर लोकांचा विश्वास नव्हता हे आपण म्हणतो. सरकारचा स्वतःच्या शास्त्रज्ञावरही नव्हता, हे यात धरायला हवे, कारण पुढे त्याची किंमत फार मोठी द्यावी लागली.

लोकांशी कसे वागावे हे मात्र हाफकिनला कलकत्त्याच्या वस्त्यांनी शिकवले होते. १८९४ मध्ये काट्टल बागान नावाच्या वस्तीत कॉलऱ्याने माणसे मरू लागली तेव्हा तो बंगाली डॉक्टरांना बरोबर घेऊन गेला, लोकांशी बोलत बसला. सुमारे २०० जणांपैकी ११६ जणांनी लस घेतली. ज्यांनी नाही म्हटले त्यांना सोडून दिले. इच्छेविरुद्ध कुणालाही टोचायचे नाही, हा त्याचा नेम होता. त्यात नीती होती तसा हिशेबही होता. एकाला धरून टोचले तर शंभर पळतात हे त्याने पाहिले होते.

प्लेगची लस बनवताना त्याने जो बारकावा पाळला तो मला फार बोलका वाटतो. युरोपातल्या प्रयोगशाळांत जंतू वाढवायला गोमांसाचे सत्त्व वापरत. हाफकिनने बकऱ्याचे मांस घेतले, म्हणजे हिंदूंना वा मुसलमानांना निदान त्या कारणाने लस वर्ज्य ठरू नये. त्या रश्शावर तुपाचे थेंब सोडले. तुपाच्या तवंगाला धरून जंतूंच्या झुरमुळ्या खाली लोंबत, त्या हलवून पाडायच्या, पुन्हा वाढू द्यायच्या, आणि शेवटी सगळे तापवून जंतू मारायचे. मेलेल्या जंतूंचे ते पाणी म्हणजे लस. शाकाहारी घरांची अडचण यातून सुटली नाही, पण समोरचा माणूस काय खातो याचा विचार प्रयोगशाळेत बसून करणारा तो त्या काळात बहुधा एकटाच होता.

१० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती लस स्वतःला टोचून घेतली. पुढे इतरांना जी मात्रा दिली त्याहून कितीतरी मोठी. ताप चढला, टोचल्या जागी दुखत राहिले. तो कामावर येत राहिला. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा कैद्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी लस घेतली. न घेतलेल्यांत १२ जण आजारी पडले, त्यांतले ६ दगावले. घेतलेल्यांत २ आजारी पडले, एकही दगावला नाही. मार्चपासून पोर्तुगीजांच्या दमणमध्ये २,१९७ जणांनी लस घेतली, त्यांतले ३६ गेले. न घेतलेल्या ६,०३३ जणांपैकी १,४८२ गेले. बडोदे संस्थानात उंढेरा गावी १८९८ च्या फेब्रुवारीत एक कठोर प्रयोग झाला : प्रत्येक कुटुंबातल्या निम्म्यांना टोचायचे, निम्म्यांना नाही. ज्या घरांत नंतर प्लेग आला तिथल्या टोचलेल्या ७१ जणांत ३ मृत्यू झाले, न टोचलेल्या ६४ जणांत २६. हे आकडे वाचताना माझे मन त्या २६ जणांपाशी अडते. एका छताखाली, एका पंक्तीत जेवणारी माणसे, आणि कुणाच्या वाट्याला काय आले ते एका यादीने ठरवलेले.

म्हणजे १८९७ च्या उन्हाळ्यात सरकारच्या हातात दोन गोष्टी होत्या. झडत्या, छावण्या, चुना, कार्बॉलिक आणि जाळपोळ यांचा प्लेगवर फारसा इलाज होत नव्हता. लशीचा होत होता. पैसा, माणसे, अधिकार आणि लोकांची सहनशक्ती यांतले बहुतेक सगळे पहिल्या गोष्टीवर खर्च झाले. लस दाराशी आली तेव्हा दारामागचा माणूस आधीच्या वर्षीच्या बुटांचा आवाज विसरलेला नव्हता.

अफवा उठल्या त्या याच आवाजातून. इस्पितळात माणसांना उलटे टांगून त्यांच्या अंगातून मोमियाई नावाचे औषध काढतात, ही मुंबईतली कंडी. राणीच्या पुतळ्याला १८९६ च्या ऑक्टोबरात कुणी डांबर फासले होते, त्याचा सूड म्हणून तिने मुंबईकरांची पाचशे काळजे मागितली आहेत, ही दुसरी. पुढे पंजाबात लशीबद्दलच्या अफवा आल्या : सुई गजभर लांब असते, टोचल्यावर माणूस तिथल्या तिथे मरतो, नाहीतर सहा महिन्यांनी, पुरुषाचे पुरुषत्व जाते, बाई वांझ होते. या ऐकून हसू येते, पण प्रत्येकीच्या तळाशी एक खरी गोष्ट आहे. माणसे इस्पितळात जाऊन परत येत नव्हती. प्रेते नातलगांना धड पाहायला मिळत नव्हती. राणीचे राज्य कशाची कशी शिक्षा देईल याचा भरवसा नव्हता. टोचल्यावर खरोखरच दोन दिवस ताप येई, हात उचलत नसे, आणि रोजंदारीच्या माणसाला दोन दिवस म्हणजे दोन दिवसांची भाकर. ज्याला खरे विचारायची सोय नसते तो खोट्यातून आपला अर्थ लावतो.

विश्वास कुठून येऊ शकत होता याचेही दाखले आहेत. खोजा समाजाचे धर्मप्रमुख तिसरे आगाखान तेव्हा जेमतेम विशीतले होते. त्यांनी हाफकिनला प्रयोगशाळेसाठी माझगावातला आपला खुश्रू लॉज दिला, आणि लोकांसमोर दंड पुढे करून लस घेतली, एकदा नव्हे, पुन्हापुन्हा. खोजांमध्ये हजारोंनी लस घेतली. सरकारी पत्रकाने जे झाले नसते ते इमामाच्या उघड्या दंडाने झाले.

अंगावर देवी आल्या की देवीचा कोप म्हणणाऱ्या याच लोकांनी देवीची लस हळूहळू स्वीकारली होती, हेही इथे आठवावे. जेन्नरची लस मुंबईत पोचली ती १४ जून १८०२ ला, अ‍ॅना डस्थॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर. तिच्यापासून ती पुढे हाताहाताने देशभर गेली. मुंबई शहरात ती कायद्याने सक्तीची झाली ती १८७७ मध्ये, म्हणजे पाऊणशे वर्षांनी. तोवर टोचणारे लोकांच्या ओळखीचे झाले होते, आणि भाषेनेही त्या परक्या गोष्टीला घरात घेतले होते : देवी काढणे. ज्या शब्दाने रोग ओळखला जाई, त्यालाच जोडून उपायाचे नाव पडले. विरोध तेव्हाही होता, पळून जाणे होते, पोरे लपवणे होते. तरी वेळ दिला गेला होता. प्लेगला कुणी वेळ दिला नाही, आणि साथ वेळ देतही नाही हे खरे आहे. माझा राग अधिकाऱ्यांच्या घाईवर नाही. घाईत त्यांनी कुणाला बरोबर घेतले नाही, त्यावर आहे.

९ मार्च १८९८ ला मुंबईत मदनपुऱ्यात झडतीवाले विणकरांच्या एका घरी शिरले. बारा वर्षांच्या मुलीला ताप होता, तिला न्यायचे होते. घरच्यांनी नकार दिला. झडतीवाले परत गेले आणि पोलिस घेऊन आले. दगड, मग गोळीबार, मग दिवसभर शहरभर दंगल. युरोपीय माणसांवर हल्ले झाले, इस्पितळे पेटवली गेली, नंतरच्या दिवसांत गोदीतले हमाल आणि गाडीवाले काम सोडून बसले. एका मुलीला अंथरुणावरून उचलण्याच्या हट्टापायी साम्राज्याचे बंदर ठप्प झाले. त्यानंतर मुंबईत झडत्यांचा जोर ओसरला. दोन वर्षांनी, १९०० च्या एप्रिलमध्ये, कानपुरात लोकांनी छावणीच जाळली तेव्हा सक्ती चालणार नाही हे वरपर्यंत मान्य झाले. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालच्या प्लेग कमिशनचाही कौल जबरदस्तीच्या उपायांविरुद्ध आणि स्वेच्छेच्या लशीच्या बाजूने पडला.

पण स्वेच्छा या शब्दात किती काय मावते! हुबळीत १८९८ मध्ये काही महिन्यांत तीस हजारांहून अधिक लोकांनी लस घेतली. मुंबई इलाख्यातली ती सर्वांत मोठी मोहीम, आणि तिथल्या डॉक्टरांनी अपार कष्ट घेतले यात शंका नाही. पण लस घेतलेल्याला दाखला मिळे आणि दाखला असेल तर छावणी टळे. छावणीत जाण्यापेक्षा सुई बरी, असे ज्याने ठरवले त्याने लस स्वखुशीने घेतली असे म्हणायचे का? माझ्या मते तीस हजारांत मनापासून आलेले होते आणि छावणीच्या भीतीने आलेलेही होते, आणि जीव दोघांचेही वाचले. तरी दुसऱ्याच्या मनात जे राहिले ते पुढच्या साथीला उपयोगी पडणारे नव्हते.

ऑगस्ट १८९९ मध्ये हाफकिनला परळचा जुना राजवाडा मिळाला, एके काळचे गव्हर्नरचे निवासस्थान. ओसरीतली प्रयोगशाळा राजवाड्यात आली. आणि १९०२ मध्ये पंजाब सरकारने ठरवले की येत्या हिवाळ्यात लाखोंना लस द्यायची, सक्ती न करता, समजावून. या सगळ्या कहाणीत प्रथमच सरकार योग्य साधन योग्य रीतीने वापरायला निघाले होते. मागणी इतकी की परळला रात्रपाळ्या लागल्या. उत्पादन वाढावे म्हणून हाफकिनने कृतीत बदल केला, लशीत शेवटी घालायचे जंतुनाशक कार्बॉलिक वगळले आणि निर्जंतुकीकरणाचा भार उष्णतेवर ठेवला.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबच्या गुजरात जिल्ह्यातले मुलकोवाल गाव. १०७ माणसे रांगेने येऊन टोचून गेली. आठवड्याभरात त्यांतल्या १९ जणांचे जबडे आवळू लागले. धनुर्वात. १९ च्या १९ गेले. सगळ्यांना एकाच बाटलीतली लस मिळाली होती, ५३-एन. इतर बाटल्यांतली लस घेतलेल्या एकालाही काही झाले नाही.

या १९ जणांना कुणी धरून आणले नव्हते. भुलथापा न मानता, गजभर सुईच्या गोष्टी ऐकूनही ते आपण होऊन आले होते. सगळ्या पंजाबात विश्वास टाकणाऱ्यांत ते पहिल्या रांगेतले होते.

चौकशी बसली. मुंबईचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स प्रमुख. निष्कर्ष असा की बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळला, दूषित झाली असावी. हाफकिनला कामावरून दूर केले आणि तो इंग्लंडला निघून गेला. गावातला पुरावा मात्र वेगळे सांगत होता. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो कार्बॉलिकमध्ये नुसता बुडवून तसाच बुचाला लावला होता. धनुर्वाताचा जंतू मातीत राहतो, बुडवून काढल्याने मरत नाही. शिवाय बाटलीत तो आठवडेच्या आठवडे वाढत असता तर उघडताच दुर्गंधी सुटली असती, आणि टोचणाऱ्या डॉक्टरने वास घेतला तेव्हा काहीच आला नव्हता. ही साक्ष कागदांत होती. ती लोकांपर्यंत यायला चार वर्षांहून अधिक काळ गेला.

सरकारला परदेशी शास्त्रज्ञाची चूक परवडत होती, मोहिमेतला ढिसाळपणा परवडत नव्हता, असे मला वाटते. पण या निवडीत एक भयंकर चूक होती. दोष परळला आहे असे सरकारनेच म्हटल्यावर परळहून येणाऱ्या प्रत्येक बाटलीवर सरकारचाच ठपका बसला. पडलेल्या चिमट्याची गोष्ट गावोगाव खरी खरी सांगितली असती, हे असे घडले, पुन्हा घडू नये म्हणून हे केले, तर काही लोक परत आले असते. अफवांना आजवर पुरावा नव्हता. आता १९ प्रेतांचा होता, आणि त्यावर खुलासा म्हणून सरकारी मोहोर. पंजाबातली मोहीम कोलमडली.

हाफकिन एकेका शास्त्रज्ञाचे दार ठोठावत राहिला. २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या टाइम्समध्ये दहा नामवंत जंतुशास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र छापून आले. त्यांत मलेरियाचे कोडे उलगडणारे रोनाल्ड रॉस होते. आरोप निराधार ठरला आहे, असे त्यांनी निःसंदिग्धपणे लिहिले. नोव्हेंबरमध्ये सरकारने हाफकिनला पुन्हा नोकरीवर घेतले, पण परळला नाही. त्याला कलकत्त्याला पाठवले. प्लेगच्या लशीशी त्याचा संबंध उरला नाही. परळच्या संस्थेला त्याचे नाव मिळाले ते १९२५ मध्ये. तोवर त्याने बसवलेल्या कृतीच्या लशीचे दोन कोटी साठ लाख डोस तिथून बाहेर गेले होते. तो तेव्हा युरोपात होता.

तो निर्दोष ठरला त्याच १९०७ साली पंजाबात प्लेगने कळस गाठला. एका वर्षात, एका प्रांतात, सहा लाखांहून अधिक माणसे मेली. माळावर झोपड्या घालून राहिली ती माणसे त्यातल्या त्यात वाचली.